७०० फुटांची बोअर मारण्याआधी

पत्र: "नमस्कार. हातकणंगले तालुक्यात डोंगराच्या कडेला आमचं गाव आहे. घरात सहा माणसं आणि दोन म्हशी. मालक शिरोली एमआयडीसीत कामाला जातात, शेती मी आणि सासरे, म्हणजे आमचे मामा, बघतो. दीड एकर ऊस आहे, आता खोडवा, म्हणजे तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटलेला. पाणी दोन ठिकाणचं. नदीवरून आलेल्या पाणीपुरवठा संस्थेची २०-२२ दिवसांनी ८ तासांची पाळी, आणि आमची २० फूट व्यासाची विहीर. पाळीत वरचा एक एकरच भिजतो, खालचा अर्धा एकर कोरडाच राहतो. विहीर डिसेंबरपर्यंत साथ देते. मार्चमध्ये मोटर तासाभरात हवा ओढायला लागते. मग रात्रभरात तीन फूट भरतं, एप्रिलमध्ये दोन. गेल्या वर्षी ४२० फूट बोअर मारली, नुसता फुफाटा उडाला. आता मामा म्हणतात, पाणाड्यानं नारळावर जागा काढून दिलीय, ७०० फुटांवर पाणी आहे. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढायचं, कमी पडलं तर माझ्या पाटल्या. मालक काही बोलत नाहीत. दुसरीकडं एक जण मोबाइलवर चालणारा ठिबकचा स्मार्ट संच गळ्यात मारायला बघतोय. कुणी शेततळं काढा म्हणतंय. मामांना उलट बोलणं मला जमत नाही आणि गप्पही बसवत नाही. काय करू? — एक शेतकरी सून"

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. "रात्रभरात तीन फूट भरतं, एप्रिलमध्ये दोन." विहिरीचा झरा किती हे बघून ठेवणारी माणसं मला फार कमी भेटली. तुम्ही ते बघितलंय, लक्षात ठेवलंय, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्याच ओळीत आहे. त्याकडं येतो. त्याआधी ज्याची घाई आहे ते सांगतो: बोअर मारू नका. पाटल्या मोडू नका आणि सोसायटीच्या कागदावर सही होऊ देऊ नका.

कारण सांगतो. तुमच्या त्या डोंगरपट्ट्यात जमिनीखाली काळा पाषाण आहे, लाव्हारसाचे एकावर एक थर. या दगडात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात म्हणजे मऊ खडकात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. जसजसं खाली जावं तसतशा वरच्या वजनानं भेगा मिटत जातात. म्हणून ४२० फुटांपर्यंत फुफाटा उडाल्यावर पुढच्या २८० फुटांत पाणी लागण्याची आशा वाढत नाही, कमीच होत जाते. आणि एखादी भेग लागलीच, तरी ते पाणी वर्षानुवर्षं मुरून साठलेलं असतं. दोन उन्हाळे उपसलं की संपतं, आणि पावसाळ्यात तेवढं परत भरत नाही. नारळ तळहातावर उभा राहतो म्हणून खालच्या पाषाणाला भेग पडत नाही. जागा दाखवूनच घ्यायची असेल तर कोल्हापुरात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहे, तिथं अर्ज करा.

शिवाय कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ प्रमाणं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे. गावोगाव गाड्या रात्रीच्या येऊन ८०० फूट मारून जातात हे मलाही माहीत आहे. पण बेकायदा कामासाठी सोसायटीचं कर्ज आणि घरातलं सोनं घालणं, तेही पाणी लागण्याची खात्री नसताना, हे मी तुम्हाला कधीच सुचवणार नाही.

हे मी नुसतं पुस्तकातलं बोलत नाही. करवीर तालुक्यात आमच्या वडिलांनी पाठोपाठ दोन बोअर मारल्या, दोन्ही कोरड्या गेल्या. दुसरीचं कर्ज फेडायला चार हंगाम गेले. त्या चार वर्षांत आजोबांच्या विहिरीचा गाळ काढायला मात्र आमच्याकडं पैसे नव्हते. पुढं गाळ काढला, ओढ्याचं पाणी गाळून विहिरीत सोडलं, तेव्हा तीच विहीर एप्रिल संपेपर्यंत टिकायला लागली. वडिलांनी ते बघितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुमच्या ओळीकडं येतो. विहीर २० फूट व्यासाची असेल तर तिच्यातलं एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. मार्चमध्ये रात्रीत तीन फूट भरतं म्हणजे तुमच्या झऱ्याचं रोजचं पाणी झालं जवळपास २६,७०० लिटर. एप्रिलमध्ये दोन फूट, म्हणजे १७,८०० लिटर. मोठ्या उसाला कडक उन्हात दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी लागतं. एका गुंठ्यावर ६ मिलिमीटर म्हणजे ६०० लिटर, थोडी गळती धरून ६५० म्हणा. एप्रिलचं १७,८०० लिटर भागिले ६५०: सत्तावीस गुंठे. तुमची विहीर एप्रिलमध्ये, ठिबकनं दिलं तर, सत्तावीस गुंठे ऊस जगवते. पाटानं दिलं तर त्याच्या निम्माही नाही.

आता संस्थेची पाळी. सरीत पाटानं पाणी देताना एका भिजवणीला जमिनीवर साधारण ८ सेंटिमीटर पाणी जातं. एकरावर १ सेंटिमीटर म्हणजे ४०,००० लिटर, म्हणजे ८ सेंटिमीटरला ३ लाख २० हजार. आठ तासांत तुमचा एकच एकर भिजतो, यावरून तुमच्या पाळीचं पाणी साधारण तेवढंच येत असणार. दहा हजार लिटरच्या टँकरांत मोजलं तर बत्तीस टँकर. हे सगळं एका दिवसात जमिनीवर ओतायचं आणि पुढचे वीस दिवस आभाळाकडं बघायचं, असं आपण करतो. त्या दिवशी मुळांना हवं त्याच्या कितीतरी पट मिळतं, जास्तीचं मुळांच्या खाली निघून जातं आणि बाराव्या-पंधराव्या दिवशी पानं सुरळी धरायला लागतात. तेच ३ लाख २० हजार लिटर वीस दिवसांत वाटलं, तर रोजचे १६,००० लिटर होतात. म्हणजे आणखी पंचवीस गुंठ्यांचं पाणी.

विहिरीचे सत्तावीस आणि पाळीचे पंचवीस मिळून बावन्न. साठवणीतून उडून जाणारं पाणी, उपसाबंदीत लांबणारी पाळी, मोटर जळाली तर गेलेले दिवस, हे वजा केलं की बिनघोर उरतो एक एकर. दीड नाही. म्हणून माझा पहिला सल्ला ऐकायला कडू आहे: पुढच्या लागणीला ऊस एक एकरच ठेवा. डिसेंबरची भरलेली विहीर बघून आपण लागण करतो आणि एप्रिलच्या विहिरीवर ती जगवायची वेळ येते. आपल्या जिल्ह्यात पाण्याची जी ओढाताण आहे त्यातली बरीच इथूनच सुरू होते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिरोळकडं जाताजाता तो दहाव्या हिश्श्यावर येतो. पीक मात्र दोन्हीकडं आपण एकच धरलंय. खालच्या अर्ध्या एकरात पावसाळ्यात सोयाबीन किंवा भुईमूग घ्या, त्यावर शाळू किंवा हरभरा. शाळूचा कडबा तुमच्या दोन म्हशींना होईल. एक-दोन गुंठे विहिरीजवळ हत्तीगवताला ठेवा. तुमचा खालचा अर्धा एकर आज खोडव्यात किती टन देतो ते बिलावर बघा. अर्धं पाणी मिळालेल्या उसाचं वजन आणि त्यावर घातलेलं खत, दोन्ही शेजारी लिहा.

यंदा काय करायचं? खोडवा उभा आहे, उन्हाळा दारात आहे आणि ठिबक लगेच येणार नाही. पाचट पेटवलं नसेल तर उत्तम. एकराला तीन-चार टन पाचट निघतं. ते एक आड एक सरीत दाबून पसरा. त्यावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. मोकळ्या राहिलेल्या सरीतून पाणी द्या. एक आड एक सरी भिजवली की तेवढ्याच आठ तासांत खालचा अर्धा एकरही भिजतो, आणि पाचटाखालची जमीन ओल धरून ठेवते. याला फारसा खर्च नाही. पाण्याचा ताण जास्तच बसला तर २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश आणि २ टक्के युरियाची फवारणी करा, म्हणजे दहा लिटरला प्रत्येकी २०० ग्रॅम. आणि पुढच्या तोडीच्या वेळी टोळीला आधीच बजावून ठेवा, फड पेटवायचा नाही. टोळीची घाई असते, पण पाचट तुमचं आहे.

ठिबककडं येतो. पुढच्या लागणीला सरी पाच फुटांची ठेवा. दर सरीला एक नळी, ४० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचा ड्रीपर. एका एकराला ताशी सव्वातेरा हजार लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात रोज जवळपास दोन तास मोटर चालली की एकराचं काम झालं. तुमची मोटर आज तासाभरात हवा ओढते, म्हणून ठिबकचं पाणी थेट विहिरीतून न देता टाकीतून द्यायचं. टाकी म्हणजे छोटं, प्लॅस्टिक अंथरलेलं तळं. वर १५ बाय १५ मीटर, तळाशी १० बाय १०, खोली अडीच मीटर. सव्वादोन गुंठे जागा जाते आणि जवळपास ३ लाख ९० हजार लिटर पाणी मावतं. पाळीचं पाणी त्यात उतरवून घ्यायचं, विहिरीचं झिरपेल तसं रोज त्यात टाकायचं, आणि तिथून ठिबकला. पाळीचं पाणी साठवायला संस्थेची हरकत नाही ना, हे आधी सर्वसाधारण सभेत विचारून लेखी घ्या. काही संस्थांत यावरून वाद होतात, आणि तळं खणल्यावर वाद निघाला तर फार जड जातं. तळ्याला चारी बाजूंनी कुंपण आणि आत गाठी मारलेला दोर हवाच. प्लॅस्टिकच्या तळ्यात पडलेलं माणूस वर चढू शकत नाही.

गावात ज्या मोठ्या शेततळ्याची चर्चा आहे, ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, त्याच्या मागं लागू नका. त्यात जवळपास २२ लाख लिटर मावतं हे खरं. पण ते भरणार कशानं? ओढ्याच्या वाहत्या पाण्यानं भरत असेल तर सोनं आहे. विहिरी-बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं असेल तर जमिनीच्या पोटात सावलीत असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. ९०० चौरस मीटरवरून दिवसाला ६ मिलिमीटर उडालं तरी ५,४०० लिटर गेले. तुमच्या सहा माणसांच्या घराला ते पंधरा दिवस पुरलं असतं. या पद्धतीनं शेजाऱ्याच्या विहिरी आटलेल्या मी बघितल्यात आणि मला ते अजिबात पटत नाही.

ठिबकच्या अनुदानाचं थोडक्यात: महाडीबीटी पोर्टलवर अर्ज होतो. केंद्र आणि राज्याचं मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के अशी रचना आहे. ही टक्केवारी शासनानं ठरवलेल्या खर्चावर असते, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. पूर्वसंमती हातात आल्याशिवाय काही विकत घेऊ नका. आणि तळ्याचं पाणी हिरवं होतं, शेवाळ धरतं, म्हणून संचात नुसता जाळीचा फिल्टर न घेता वाळूचा फिल्टर मागा. ठिबक चालत नाही म्हणून गुंडाळून बांधावर टाकलेल्या नळ्या तुम्ही बघितल्या असतील. त्यातल्या बहुतेक फिल्टरच्या कंजुषीनं आणि नळ्यांची टोकं सोडून न धुतल्यानं तुंबलेल्या असतात. पंधरा दिवसांनी एकदा टोकं उघडायची, स्वच्छ पाणी येईपर्यंत.

स्मार्ट संचाबद्दल तुम्ही विचारलंय. मोबाइलवरून व्हॉल्व्ह उघडणं, जमिनीतली ओल मोजणं, हवामानावरून पाणी ठरवणं, हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं उसात उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर जोडून कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केलेत, त्याची चर्चा आपल्याकडंही पोचलीय. पण सेन्सरनं आज पाणी द्या म्हटलं तेव्हा द्यायला पाणी हातात पाहिजे. पाळी वीस दिवसांनी येणार असेल तर मोबाइलवर कोरड्या जमिनीचा आकडा बघून जीव जळतो, दुसरं काही होत नाही. म्हणून टाकी आधी, ठिबक त्याच्याबरोबर, आणि मोबाइलचा संच एक हंगाम गेल्यावर. पहिल्या वर्षी मी तुम्हाला दोनच वस्तू घ्यायला सांगेन. एक पाणी मोजायचं मीटर, पाइपला बसणारं. दुसरी टेन्शियोमीटरची, म्हणजे जमिनीतली ओल दाखवणाऱ्या यंत्राची जोडी, एक फूटभर खोल आणि एक दोन फूट खोल पुरायची. खालच्या टेन्शियोमीटरचा काटा प्रत्येक पाण्यानंतर शून्याकडं सरकत राहिला तर पाणी मुळांच्या खाली वाया जातंय, मोटरचा वेळ कमी करा. वरचा काटा चढत गेला आणि खालचाही चढायला लागला तर ऊस उपाशी आहे. काळी जमीन फार सुकून भेगाळली तर हे यंत्र काम करत नाही, तेव्हा त्यात वरचेवर पाणी भरून ठेवा. कोणत्या आकड्याला पाणी सोडायचं ते जमिनीप्रमाणं बदलतं. तुमच्याच तालुक्यात तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथून मातीचा नमुना दाखवून ठरवून घ्या. आणि मामांची परीक्षा तर आहेच: फूटभर खोलवरची माती मुठीत दाबायची. लाडू वळतो पण हाताला पाणी सुटत नाही, म्हणजे वाफसा. सेन्सरलाही हेच सांगायचं असतं.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुमच्या मोटरला ऑटो स्टार्टर आहे का? शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री बाराला लाइट आली की ऑटोवरची मोटर आपोआप सुरू होते, सगळे झोपलेले, आणि पाणी एकाच सरीत पहाटेपर्यंत. असं गेलेलं पाणी कुणी मोजत नाही. ऑटो काढून टायमर बसवा, आणि विहिरीत पाणी संपलं की मोटर बंद करणारं यंत्रही बसवा. जळालेली मोटर भरायचा खर्च वाचेल.

आता जूनच्या आधीचं काम, आणि हे मला सगळ्यांत जवळचं वाटतं. डोंगराच्या कडेला तुमचं रान आहे म्हणजे पावसाळ्यात वरून एखादी ओघळ येतच असणार. ती विहिरीपासून किती लांब आहे ते बघा. शंभर-दीडशे फुटांच्या आत असेल तर विहिरीचं पुनर्भरण करता येईल. ओघळीचं पाणी आधी एका खड्ड्यात थांबवायचं, म्हणजे गाळ बसतो. तिथून वरच्यावर दुसऱ्या खड्ड्यात घ्यायचं. या दुसऱ्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. तळातून चार किंवा सहा इंची पाइप काढून विहिरीच्या कडेतून आत सोडायचा, बांधकामाला धार लागणार नाही इतका पुढं काढून. पहिल्या दोन-तीन पावसांचं गढूळ पाणी आत घ्यायचं नाही, पाइपला बूच मारून ठेवायचं. गोठ्यावरून, उकिरड्यावरून किंवा तणनाशक मारलेल्या रानातून येणारी ओघळ असेल तर तिला हात लावू नका. विहिरीचं पाणी प्यायला वापरत असाल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय आणि पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये पाणी तळाला गेलं की गाळही काढून घ्या, झऱ्यांची तोंडं मोकळी होतात.

वाया गेलेल्या त्या ४२० फुटी बोअरचाही उपयोग बघता येईल. एक टँकर पाणी त्यात ओता आणि पातळी किती वेगानं उतरते ते बघा. उतरत असेल तर कुठंतरी भेग आहे, गाळलेलं पावसाचं पाणी तिच्यात सोडता येईल. तसूभरही उतरत नसेल तर तिचा नाद सोडा. दोन्ही वेळेला तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंग किंवा बोल्टनं पक्कं बसवा. हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम हेच करा. गावात लहान मुलं आहेत.

घराच्या पत्र्याचं पाणी छोटं वाटतं, पण हिशेब करून बघा. ९०० चौरस फुटांच्या पत्र्यावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तरी ४०,००० लिटरच्या वर पाणी मिळतं. पन्हाळी लावून, गाळून पाच हजारांच्या टाकीत घ्या, जादा झालेलं त्याच पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडा. मोरीचं सांडपाणी तुमच्या घरातून दिवसाला दोनशे लिटर तरी निघत असेल. राख आणि वाळूच्या छोट्या टाकीतून नेऊन केळी, अळू, शेवग्याला द्या, पालेभाजीला नको.

वरच्या डोंगराचं काम एकट्या घराचं नाही. समतल चर, ओघळीत दगडी बांध, बांधबंदिस्ती झाली तर अख्ख्या शिवाराच्या विहिरी महिनाभर जास्त टिकतील. ग्रामसभेत विषय मांडा. बायकांनी मिळून मांडला तर तो टाळणं अवघड जातं, हे मी गावोगाव बघितलंय.

मामांचं राहिलं. त्यांचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण त्या पिढीच्या माणसानं १९७२चा दुष्काळ बघितलेला असतो किंवा घरात ऐकलेला असतो. पाणी संपण्याची त्यांची भीती खरी आहे, आणि बोअरचा हट्ट त्या भीतीतून येतो. त्यांना "बोअर नको" म्हणून सांगायला जाऊ नका. विहिरीत उतरून कडेला फुटा-फुटावर रंगाच्या खुणा करायला सांगा. हे काम त्यांच्याशिवाय कुणाला जमणार? मग रोज पहाटे मोटर लावायच्या आधी एकदा आणि मोटर बंद केल्यावर एकदा पाणी कुठल्या खुणेला आहे ते त्यांनी सांगायचं आणि तुम्ही वहीत लिहायचं. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन तिघांनी बसा, मालकांनाही बसवा. ८,९०० लिटरनं गुणायचं आणि ६५० नं भागायचं, एवढंच गणित आहे. सत्तावीस गुंठे हा आकडा मी सांगितला तर मामा म्हणतील, पेपरात लिहिणाऱ्याला काय कळतंय. स्वतःच्या खुणेवरून निघाला तर ते त्यावर विचार करतील.

शाहू महाराजांची गोष्ट त्यांना माहीत असेलच, तरी निघाली तर निघू द्या. राधानगरीचं धरण सगळ्यांना आठवतं. पण त्याच्याही आधी, १९०२ साली, महाराजांनी संस्थानाचं पाटबंधारे धोरण आखलं तेव्हा आधीपासून असलेल्या विहिरी आणि तलावांची पाहणी करवून घेतली होती. आणि जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस असं मामा म्हणाले तर त्यांना एकदा शिरोळ तालुक्यात घेऊन जा. नदी उशाला असलेली, पाण्यात कधी कमी न पडलेली जमीन तिथं मीठ फुटून पांढरी झालीय. आता तिच्या पोटात सच्छिद्र पाइप घालून जादा पाणी बाहेर काढावं लागतंय.

मालक गप्प आहेत, असं लिहिलंय. त्यांना एकच काम द्या: सुट्टीच्या दिवशी संस्थेच्या सचिवांना भेटून पाळी साठवण्याबद्दल विचारणं आणि तालुका कृषी कार्यालयात ठिबकच्या अर्जाची चौकशी करणं. सातबारा, आठ-अ, आधार आणि शेतकरी ओळख क्रमांक बरोबर न्यायला सांगा.

वहीतले पंधरा दिवसांचे आकडे, विहिरीची एकूण खोली आणि ओघळीचं अंतर मला कळवा. टाकी किती मोठी ठेवायची आणि पाइप कितीचा घालायचा ते त्यावरून नेमकं काढून देतो. उत्तर येईपर्यंत बोअरवाल्याला इसार देऊ नका.